सोबत जोडलेलं एक पान

ते प्रकरण मनातून जात नाही. निवृत्त होऊन आता चांगला काळ लोटला, पण कुरिअरवाला दारात येऊन मोबाइलवर बोटानं सही करा म्हणाला की मी आधी पाकिटावरचं नाव वाचतो, मग पाठवणाऱ्याचं वाचतो, आणि नंतरच बोट टेकवतो. तो बिचारा एका पायावर उभा असतो. बायको आतून म्हणते, "अहो, सोडा त्याला, आरोपी नाही तो." तिला कारण माहीत आहे, तरी म्हणते.

नावं कुणाचीच सांगणार नाही. ठाण्याचं नाही, खात्याचं नाही, पक्षाचं तर मुळीच नाही. मी तेव्हा पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो, एवढं पुरे.

सुरुवात अगदी फुसकी होती. विरोधी पक्षाच्या एक आमदारबाई आमच्या हद्दीत राहत. पूर्वी कॉलेजात इतिहास शिकवायच्या. नारायण पेठेत तळमजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. त्यांना धमकीचा ई-मेल आला. मजकूर असा होता, की आपण आपल्या वागण्यात सुधारणा न केल्यास आपणास गंभीर परिणाम भोगावे लागतील, याची कृपया नोंद घ्यावी. धमकीतसुद्धा 'आपण' आणि 'कृपया' म्हटल्यावर माणूस आमच्याच गावचा, हे मला जागच्या जागी कळलं. तिसऱ्या दिवशी सापडला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, घरासमोरचा गतिरोधक काढला म्हणून संतापलेले. त्यांनी माफीनामा लिहून दिला, बाईंनी तो ठेवून घेतला आणि विषय संपला.

मात्र ते गृहस्थ सापडेपर्यंत बाईंचं ई-मेल खातं उघडून पाहावं लागलं होतं. बाईंनी लेखी संमती दिली, स्वतः शेजारी बसून खातं उघडून दिलं. आमची तांत्रिक काम बघणारी महिला हवालदार कामाला चोख. आणखी कुठल्या धमक्या आल्यात का हे बघण्यासाठी तिनं मागच्या काही आठवड्यांचे मेल उतरवून घेतले. ठाण्यात आल्यावर तिनं विचारलं, सगळ्यांचं काय करू. मी म्हणालो, सगळ्यांचे प्रिंट काढ, कागद असू दे. आमच्या खात्यात कागद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असं धरतात. तर कागद निघाले, चांगला गठ्ठा झाला. धमकीचं पान तपासाच्या फाइलला लागलं. बाकीचा गठ्ठा कुठं गेला हे मी विचारलं नाही, आणि प्रकरण मिटल्यावर तर विचारायचं कारणच उरलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं. अधिवेशन म्हटलं की ठाणेदार टपालाकडे डोळे लावून बसतो. सभागृहात कोणीतरी प्रश्न विचारतो, तो मंत्रालयातून आयुक्तालयात, आयुक्तालयातून उपायुक्तांकडे आणि शेवटी आमच्या टेबलावर येऊन आदळतो. वर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, 'विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे'. ठाण्यात त्याला एलएक्यू म्हणतात. शेवटी बोलणार मंत्री, पण त्यांच्या तोंडी जाणारं पहिलं वाक्य आम्ही लिहायचं.

त्या दिवशीचा एलएक्यू त्याच आमदारबाईंचा होता. या प्रश्नांची घडण ठरलेली असते. एका विधानसभा सदस्यांच्या ई-मेल खात्यातील मजकूर पोलिसांनी वाचून अन्य शासकीय विभागास पुरविला, हे खरे आहे काय. असल्यास, कोणाच्या आदेशाने. असल्यास, जबाबदारांवर कोणती कारवाई करण्यात आली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरांची घडणही ठरलेलीच. मी बारनिशी हवालदाराला हाक मारली. बारनिशी म्हणजे ठाण्यातला आवक-जावक टपालाचा कोपरा. तिथं एक जुने हवालदार बसत, त्यांना मी इथं हवालदारसाहेब म्हणतो, कारण सगळं ठाणं तसंच म्हणायचं. त्यांना सांगितलं, लिहा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हे खरे नाही. दोन, तीन आणि चारचं, प्रश्न उद्भवत नाही. तासाभरात माझ्या सहीनं कागद वर गेला. आमच्या ठाण्यातल्या कोणीही असलं काही केलेलं नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती. मी कोणालाच विचारलेलं नव्हतं, हेही तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस मला भेटायला आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. मूळचा यवतमाळकडचा, कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहत होता. घरी बायको आणि दहावीतली मुलगी. खुर्चीत बसा म्हटलं तरी टोकावर बसला.

त्याच्या कार्यालयात शहराबाहेरच्या सोसायट्यांना जाणाऱ्या टँकरच्या पाण्याचे नमुने तपासायला येत. नमुने न तपासताच 'पिण्यास योग्य' असे अहवाल निघतात हे त्याच्या लक्षात आलं. अहवाल टाइप करणारा तोच होता. बरेच दिवस गप्प बसला. मग एका सोसायटीतली मुलं काविळीनं आजारी पडली, तेव्हा त्यानं आमदारबाईंना ई-मेल केला. पंधरा दिवसांनी त्याच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि त्याचाच मेल पहिल्या शब्दापासून त्याला वाचून दाखवला. आठवड्याच्या आत दूरच्या जिल्ह्यात बदली झाली, आता तो तिथून रजा घेऊन आला होता. वर खातेनिहाय चौकशी लागली, कार्यालयाची माहिती बाहेर दिल्याचा ठपका. चौकशीत दोषी ठरला तर नोकरीच जाणार होती.

तो म्हणाला, "साहेब, बाईंनी सांगितलं नाही, मी तर घरीही सांगितलं नव्हतं. मग वाचलं कोणी, एवढंच मला कळू द्या."

त्यानं फोल्डरमधून त्या मेलचा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच परत सरकवला. म्हणालो, मजकूर राहू द्या, काय घडलं ते क्रमानं सांगा. फिर्यादीचा कागद वाचत बसलं की माणूस बोलायचा थांबतो, असं मला वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि मी ते पुढच्या सगळ्यांना शिकवलं होतं.

तो गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. 'हे खरे नाही' असं मी कालच लिहून दिलं होतं. ते काही दिवसांत मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात जाणार, आणि ते खोटं निघालं तर? सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग येतो. मंत्री खात्याकडे बोट दाखवतात, खातं ठाण्याकडे. माझी वर्दी उतरायला दीड वर्ष उरलं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या लिपिकाची काळजी कमी आणि माझी जास्त होती.

दुपारी मी नारायण पेठेत गेलो. आमदारबाई टेबलामागे बसून पत्रं वाचत होत्या. मला पाहून चष्मा काढला.

"या साहेब. माझे मेल आपण वाचलेच असतील, तर शुद्धलेखनाच्या चुकाही सांगून टाका."

मी म्हणालो, बाई, आमच्याकडून तसं झालेलं नाही. त्या म्हणाल्या, झालं नसेल तर उत्तमच, सभागृहात तसं ऐकू आम्ही. मग जरा नरमल्या. म्हणाल्या, त्या माणसाची नोकरी जाणार आहे आणि त्यानं फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता. उद्या मला कोण काय लिहील? आमदाराला लोकांनी लिहायचंच सोडलं, तर आम्ही सभागृहात उभं राहून बोलायचं कशाच्या जोरावर? निघता निघता त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी त्यांना मेल केला होता, रस्त्यावरचा दिवा बंद आहे म्हणून. बाईंनी अजून महापालिकेला पत्रसुद्धा दिलं नव्हतं आणि दिवा लागला. "पुण्यात न सांगता दिवा लागला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता," त्या म्हणाल्या.

मला काही उमगेना. चोरून मेल वाचणारा माणूस रस्त्यावरचे दिवे कशाला दुरुस्त करून घेईल?

जे समोर दिसेल ते पकडायचं, ही आमची जुनी खोड. बाईंच्या मेलचा पासवर्ड त्यांच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होता, त्यांच्या स्वीय सहायकाला. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले, स्वच्छ पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. मी त्यांना ठाण्यात बोलावलं. बोलावलं म्हणजे गाडी पाठवली. गल्लीत सगळ्यांनी बघितलं. तीन तास समोर बसवून उलटसुलट विचारलं. कोणाशी उठबस आहे, मुलगा काय करतो, त्या लिपिकाच्या कार्यालयात कोणी ओळखीचं आहे का. फोन काढून घेतला. चौकशीत माणूस घाबरला की पाणी मागतो, घड्याळाकडे बघतो, एकच उत्तर दोनदा देतो. या गृहस्थांनी यातलं काही केलं नाही. ते ताठ बसून राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "साहेब, मी आयुष्यभर लोकांची बंद पाकिटं हाताळली. एकही उघडून पाहिलं नाही. आपल्याला जे लिहायचं ते लिहा, मी सही करणार नाही."

मी त्यांना गाडीनं परत पाठवतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं आणि चालत गेले. त्यांचं ते पाठमोरं चालणं मला आजही टोचतं.

आता माझ्या हातात काहीच नव्हतं. प्रश्न सभागृहात लागायला चार दिवस उरले होते. जेवण जात नव्हतं. बायकोनं दोनदा विचारलं, मी दोनदा काही नाही म्हणालो.

मग मला जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते सुचलं. लिपिकाला फोन केला. म्हटलं, तुमच्या साहेबांनी तुम्हाला मेल वाचून दाखवला तो कशावरून? मोबाइलवरून की संगणकावरून?

तो म्हणाला, कागदावरून. छापील पान होतं, वर एक पत्र जोडलेलं होतं.

पत्र कोणाचं?

ते दिसलं नाही, साहेबांनी दुमडून धरलं होतं. पण साहेब पान उलटायला गेले तर उलटेना. टाचणी नव्हती, पिन नव्हती. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, दोन गाठी मारून. मी लिपिक आहे साहेब, तो म्हणाला, कागद कसा जोडलाय ते आधी दिसतं मला.

मी फोन ठेवला. पांढऱ्या दोऱ्यानं, दोन गाठी मारून कागद शिवणारा माणूस माझ्या केबिनपासून दहा पावलांवर बसत होता. फार पूर्वी टपालातली टाचणी एका बड्या साहेबांच्या बोटात घुसली होती आणि तेव्हापासून हवालदारसाहेबांनी टाचणीला हात लावलेला नव्हता. दाभण, दोरा, दोन गाठी. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, शिंपी म्हणायचो.

मी उठून बारनिशीत गेलो आणि जावक नोंदवही मागितली. हवालदारसाहेबांनी लगेच उघडून दिली, बोटानं दाखवलीही. काही लपवायचं होतं कुठं? दोन महिन्यांपूर्वीच्या एका दिवशी ओळीनं सात नोंदी होत्या. महापालिका, पथदिवे. महापालिका, कचरा. वीज कंपनी. वाहतूक शाखा. आणि पाचवी त्या लिपिकाच्या कार्यालयाची. प्रत्येकीपुढे तेच शब्द, 'प्राप्त अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठविण्यात येत आहे'.

झालं होतं ते इतकं साधं होतं. प्रिंटचा गठ्ठा कोणीतरी बारनिशीच्या ट्रेमध्ये ठेवला. हवालदारसाहेबांनी वरवर चाळला. त्यात विषय, महोदया, आपला विश्वासू अशा बांधणीची सात पानं दिसली. त्यांच्या लेखी तो अर्ज झाला. ठाण्यात अर्ज आला आणि विषय दुसऱ्या खात्याचा असला, की तो त्या खात्याकडे पाठवायचा आणि आपल्याकडची नोंद बंद करायची, हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला होता. लिपिक बिचारा गुपित लिहायला बसला तरी हाताला सवय अर्जाचीच. विषय, संदर्भ, खाली नाव, हुद्दा, कार्यालय, सगळं रीतसर. तो अर्ज ज्यांच्याविरुद्ध होता, त्यांच्याच टेबलावर आम्ही तो नेऊन ठेवला.

मी हवालदारसाहेबांवर ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. ते निरागसपणे म्हणाले, "साहेब, त्या महिन्यात आपले प्रलंबित अर्ज शून्य होते. आयुक्तालयातून शाबासकीचं पत्र आलं होतं, आपल्या नावानं." ते पत्र माझ्या केबिनमध्ये काचेखाली लावलेलं होतं.

मी स्थळप्रत मागितली. पाठवलेल्या पत्राची आपल्याकडे ठेवतात ती प्रत. तिच्यात फक्त वरचं पत्र होतं. तळाशी लिहिलं होतं, 'सोबत : एक पान'. ते पान दोऱ्यासकट गेलं होतं, त्याची प्रत कोणी ठेवली नव्हती. पत्राखाली माझी सही होती. साधी नाही, मी घाईत करतो ती शेपटीवाली. सकाळच्या हजेरीनंतर पन्नास-साठ कागदांचा गठ्ठा येतो आणि आपण एकीकडे फोनवर बोलत सह्या ठोकत सुटतो, तेव्हाची.

ती स्थळप्रत मी केबिनमध्ये आणली, खणात ठेवली आणि कुलूप लावलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज लिहितो. पूर्ण एक दिवस ती तिथंच होती. मी दर तासाला खण उघडून ती आहे का बघत होतो. नसती तर मला बरंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सहायक आयुक्तांना जाऊन सांगितलं. ते माझ्याहून वयानं लहान, पण डोक्यानं थंड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कायद्याचा मुद्दा काढला. बाईंनी स्वतः संमती दिली, म्हणजे खातं आपण चोरून पाहिलेलं नाही. मेल कोणी वाचलेला नाही, म्हणजे 'वाचून पुरविला' हेही सिद्ध होत नाही. तेव्हा 'हे खरे नाही' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि स्थळप्रती पावसाळ्यात भिजतातच. बारनिशी तुमच्याच ताब्यात आहे."

मी ठाण्यात परत आलो. त्या तांत्रिक मुद्द्याला मी किती वेळ धरून बसलो असेन, सांगता येत नाही. बरोबरच होता तो, त्याच्यात कुठं भोक सापडेना. फक्त सभागृहानं तो मान्य केला, तर मेल आपल्या कार्यालयात कसा पोचला हे लिपिकाला कधीच सिद्ध करता येणार नव्हतं. चौकशीत त्यालाच विचारणार होते, सांग, तू आणखी कोणाकोणाला पाठवलास?

घरी बायकोपुढे सगळं ओकलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही जेवत नाही आहात, म्हणजे तुमचं ठरलेलं आहे. उगाच मला विचारू नका."

मी स्वतःच्या हातानं नवीन अहवाल लिहिला. या कार्यालयाने यापूर्वी सादर केलेली माहिती वस्तुस्थितीस धरून नाही. सदर ई-मेलची छापील प्रत या ठाण्याच्या जावक क्रमांकाने संबंधित विभागास पाठविण्यात आली. पत्रावर निम्नस्वाक्षरीकाराची सही आहे. सोबत स्थळप्रत आणि नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली. हवालदारसाहेबांचं नाव कुठं घातलं नाही. कागद उपायुक्तांकडे गेला आणि अर्ध्या तासात त्यांचा फोन आला.

"तुम्ही काय लिहिलंय ते कळतंय ना तुम्हाला?"

"होय सर."

"या वेळी सही करण्याआधी वाचलंत का?"

"दोनदा वाचलं सर."

त्यांनी कागद पुढे पाठवला, एवढं मी त्यांचं ऋण मानतो. पण मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यांनी फोनवर माझे वाभाडे काढले. उत्तर छापून झालं होतं. आता दुरुस्ती करायची तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी करायची. ते करतील की नाही, मी कसं सांगू, म्हणाले. शिवाय आपला प्रश्न यादीत बराच खाली आहे. प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो. तेवढ्यात तो पुकारला गेला नाही, तर छापील उत्तर तसंच्या तसं पटलावर जातं आणि तेच सरकारचं उत्तर होऊन बसतं.

त्या दिवशी मी केबिनमध्ये टीव्ही लावून बसलो. हवालदारसाहेब दारात उभे. पहिल्याच प्रश्नावर गोंधळ झाला, दहा मिनिटं त्यात गेली. दुसरा प्रश्न उसाचा, त्यावर पाचपाच सदस्य उठत होते. मी घड्याळाकडे बघत होतो, घाबरलेला माणूस बघतो तसा. दोनदा पाणी मागितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता माझ्यासमोर कोणी अधिकारी बसला असता तर त्यानं मला केव्हाच ओळखलं असतं.

तास संपायला पाच-सहा मिनिटं असताना प्रश्न पुकारला. आमदारबाई उभ्या राहिल्या. मंत्र्यांनी हातातला कागद खालीवर केला आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, छापील उत्तरात दुरुस्ती आहे. हे अंशतः खरे आहे."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "कोणता अंश खरा आहे, तेवढं मंत्रिमहोदयांनी सभागृहाला सांगावं."

मंत्री म्हणाले, पोलिसांनी ई-मेल वाचले हे खरे नाही. एका ई-मेलची प्रत दुसऱ्या विभागाला पाठवली, हे खरे आहे. बाकांवरून कोणीतरी विचारलं, म्हणजे न वाचताच पाठवली? मंत्री म्हणाले, होय. सभागृहात हशा पिकला. केबिनमध्ये हवालदारसाहेबांनी मान खाली घातली. त्या मिळालेल्या कागदाच्या आधारे सुरू केलेली चौकशी मागे घेण्यात येईल, असंही मंत्र्यांना बाईंनी वदवून घेतलं, आणि लगेच घंटा झाली.

माझी विभागीय चौकशी झाली. ठपका आला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथंच असायला हवा. शाबासकीचं पत्र मी काचेखालून काढलं. त्या टपाल खात्यातल्या गृहस्थांकडे गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण बसा म्हणाले नाहीत. लिपिकाची चौकशी बंद झाली, बदली मात्र 'प्रशासकीय कारणास्तव' होती म्हणून तशीच राहिली. दहावीच्या वर्षी मुलगी इकडे आणि बाप तिकडे. वर्ष उलटल्यावर तो परत आला.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. सरकारनं कोणाचे ई-मेल वाचू नयेत, यावर भाषणं सगळेच देतात आणि ती बरोबरही आहेत. मी एवढंच शिकलो, की माझ्या ठाण्यात कोणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं आणि तरीही एका माणसाचं घर मोडायला आलं होतं. वर त्याच कामाबद्दल शाबासकीही मिळाली होती. आणि सभागृहात कोणी उभं राहून विचारलं नसतं, तर मी ती नोंदवही कधीच उघडली नसती.

तो परत आल्याचं कळल्यावर मी कर्वेनगरला त्याच्या घरी गेलो. तिसरा मजला, दारात सायकल. त्यानं पाणी पुढं केलं आणि म्हणाला, उकळलेलं आहे, बिनधास्त घ्या. मी सांगायचं ते सांगितलं, चुकलं म्हणालो. त्यानं रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी तुम्हाला दोष नाही देत जी. तुम्ही वर लिहून दिलं म्हणून नोकरी राहिली माझी. पण तुम्ही ते अजून वाचलं नाही ना?"

मी नाही म्हणालो.

तो आत गेला आणि तेच प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आला. त्यातून ते एक पान काढून माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला आणि त्याच्यासमोर बसून वाचलं. विषय, संदर्भ, महोदया, टँकर, नमुने, आजारी मुलांची सोसायटी. सगळं वाचायला दोन मिनिटं लागली असतील. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'घरी शाळकरी मुलगी आहे, तरी माझे नाव कोणासही कळू देऊ नये, ही नम्र विनंती.'